शीवेवर थांबणारा

मुंबईहून आलेला कागद बाबांच्या नावाने होता. बाबांना जाऊन तेव्हा सात आठवडे झाले होते.

जगाची फेरी करणारी एक मोठी बोट जानेवारीत मुंबई बंदरात सहा दिवस उभी राहणार होती. अशा बोटीवरचे प्रवासी त्या दिवसांत आग्र्याला जातात, नाहीतर अजिंठ्याला, आणि त्यांची सगळी व्यवस्था मुंबईतली एक कंपनी पाहते. त्यांतल्या दोघांना मात्र नंदुरबारला उतरून सातपुड्यात, तोरणमाळच्या बाजूला जायचं होतं. मिस थॉर्नली आणि त्यांचे भाऊ. भाऊ निवृत्त इंजिनियर होते. मिस थॉर्नलींना झाडांचा नाद होता आणि सहा वर्षं बाबांशी त्यांचा पत्रव्यवहार चालू होता. बाबा, म्हणजे गिरधर मास्तर, इथल्या इंग्रजी शाळेत शास्त्र शिकवायचे आणि सुट्टी लागली की डोंगर चढायचे. दरीच्या काठावर पांढऱ्या सालीचा एक जुना कांडोळ आहे. त्याच्याबद्दल त्यांनी इतकं लिहिलं होतं की केवळ ते झाड पाहायला त्या येत होत्या.

कागदात रकाने होते. वाटाड्याचं नाव, वय, भाषा, आधीच्या साहेबांची शिफारसपत्रं. तळाला गिरधर मास्तरांच्या सहीसाठी जागा. ते गेल्याचं कंपनीला कळवायचं राहिलं होतं. कळवायचं काम माझंच होतं, आणि रोज मी ते उद्यावर टाकत होते.

नंदुरबारात बातमी पोचायला टपालवाल्यापलीकडे काही लागत नाही. दुसऱ्याच दिवशी लोणखेड्याहून दोधूकाका आले, आणि त्यांच्या मागोमाग नवल. नवल इथलाच, जंगलच्या ठेकेदाराकडे कामाला. खाकी कोट, साहेबी टोपी, हिंदी चांगलं आणि कामापुरतं इंग्रजी. मेणकापडात गुंडाळलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्याने माझ्यापुढे ओट्यावर उलगडला. सतरा होत्या. सगळ्यांत एकच सूर: आज्ञाधारक, तत्पर, कधीही कुरकुर नाही.

बाबांबरोबर शेवटच्या वेळी हाच गेला होता.

"सही कर आन मोकळी व्हय," काका म्हणाले. "नवल चांगला माणूस शे. ठेकेदारनं बी तेच म्हननं शे."

"बाबांच्या नावाने सही मी कशी करू?"

"मग तुन्हा नावनी कर. तू शिकेल शे, इंग्रजी लिखस. कोनी तुले मना करी ऱ्हायना का?"

मी मुलींच्या शाळेत शिकवते. एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन घरी परत आले, तेव्हा बाबांनी माझ्यापुढे पुस्तकांचं कपाट उघडलं. तेव्हापासून काकांना माझं वाचणं हा घरातला एक आजार वाटतो. पण कधीकधी तो उपयोगी पडतो.

मी नवलला विचारलं, "त्या दिवशी शीवेवर कुणी नव्हतं?"

हे मी आधीही विचारलं होतं. त्याने आधीचंच उत्तर दिलं. "कुणी नव्हतं ताई. ज्याची वाट पाहायची तो माणूसच नव्हता. म्हणून आम्ही पुढे गेलो."

डोंगरात जी रीत आहे ती बाबांनीच मला सांगितली होती, त्यांच्या वह्यांमध्येही ती दोनतीनदा लिहिलेली आहे. एका गावाचा वाटाड्या पाहुण्याला आपल्या गावाच्या शीवेपर्यंत नेतो. तिथे एका दगडाजवळ तो पाहुण्याची काठी जमिनीवर ठेवतो आणि हाळी देतो. पुढच्या गावाचा माणूस येतो, काठी उचलतो, आणि तिथून पुढे पाहुणा त्याचा. माणूस यायला घटका लागो की दुपार, पाहुण्याने बसून राहायचं. वीस वर्षं बाबा असेच डोंगरात हिंडले. कार्तिकात, मिस थॉर्नली येणार म्हणून कांडोळाकडे जाणारी वाट पाहून ठेवायला ते गेले. वाट एका जागी दरीत खचली होती आणि गुडघ्याच्या वर वाढलेल्या गवताखाली ते दिसत नव्हतं. पडल्यावर बाबा जिवंत होते. नवल मदतीला माणसं आणायला आल्या वाटेने मागे पळाला, तब्बल तीन कोस. वरचं गाव तिथून हाकेवर होतं हे त्याला माहीत नव्हतं. माणसं घेऊन तो परतायच्या आत, दुसऱ्या दिवशी सकाळी, लाकडं तोडायला आलेल्या बायकांना बाबा सापडले, तेव्हा उशीर झाला होता.

"मला दोन दिवस द्या," मी काकांना म्हणाले.

"दोन दिवस कसाले?"

"उदेसिंगला विचारते."

खालच्या गावचा उदेसिंग बाबांचा नेहमीचा वाटाड्या होता. शेवटच्या खेपेला बाबांनी त्याला का घेतलं नाही, हा प्रश्न मला त्या क्षणापर्यंत सुचलाच नव्हता. दु:खात माणूस वाचलेलं सगळं विसरतो, साधा हिशेबही चुकतो.

नवलने चिठ्ठ्या परत मेणकापडात बांधल्या. त्याने गाठ दोनदा मारली.

"त्या डोंगरमा तू जाशी?" काका म्हणाले. "लोके काय म्हनतीन?"

आतून आईचा आवाज आला. "लोके म्हनतीन, मास्तरनी अंडेर शे." अंडेर म्हणजे लेक. ती तांदूळ निवडत होती. बाबा गेल्यापासून ती इतकं लांब वाक्य बोलली नव्हती. काकांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि निघाले.

*

इद्रिसभाईंची लॉरी मिरचीची पोती घेऊन शहाद्याकडे जायची आणि येताना मिळेल ते आणायची. बाबांना ते पोत्यांवर बसवून डोंगराच्या पायथ्यापर्यंत सोडायचे आणि शिंका मोजत राहायचे. बाबांचा उच्चांक एकतीस होता. मला त्यांनी पुढे आपल्या शेजारी बसवलं.

"बेटी, लॉरी मन्ही शे," ते म्हणाले, "पन रस्ता अल्लाना शे. कुरकुर करनी असेल ते वर कर."

तापीत पाणी उतरलं होतं. प्रकाशा गावापाशी दरसाल दगड-माती टाकून करतात त्या रस्त्यावरून आम्ही पार झालो. शहादा मागे पडलं. डोंगर समोर आला तसे इद्रिसभाई गप्प झाले, आणि ते गप्प होणारे गृहस्थ नव्हेत.

"काय झालं?"

"काय नही. मास्तरसाबले त्या दिनले मीच सोडेल व्हतं. मी इचारं, आज उदेसिंग नही का? त्या म्हनले, इद्रिस, त्याले घेतं तर दोन दिन लागतीन. माले एकच दिननी रजा शे." त्यांनी गिअर बदलला. "तुले सांगू का नको, माले समजेना."

मी बाहेर पाहिलं. शेतात तुरी उभ्या होत्या.

उदेसिंग घरासमोर बांबू तासत होता. साठीचा असेल. पावरी आणि अहिराणी मिसळून तो बोलतो, बाबांमुळे मला ते बरंच समजतं. इथे मी सरळ मराठीत लिहिते. त्याने मला खाट दिली, स्वतः जमिनीवर बसला, आणि आधी त्याच्या नातीने दुधाचा पेला आणून दिला. पेला रिकामा होईपर्यंत त्याने मला काही विचारू दिलं नाही.

मग मी कागदाबद्दल सांगितलं. बोटीवरची पाहुणी, एक दिवस, कांडोळ. आणि विचारलं, साहेब लोकांची चिठ्ठी आहे का तुझ्याकडे.

"एक आहे," तो म्हणाला.

घरातून त्याने बांबूची नळी आणली. तिच्यात गुंडाळी करून ठेवलेला कागद होता, कडा पिवळ्या झालेल्या. जमीन मोजायला आलेल्या एका साहेबाने बावीस वर्षांपूर्वी लिहिलेला. मी इंग्रजीत वाचला, आणि परत वाचला.

"हा उदेसिंग अत्यंत आडमुठा माणूस आहे. शीवेवर पोचल्यावर पुढच्या गावचा माणूस येईपर्यंत एक पाऊल टाकायला तयार नाही. धमकीचाही उपयोग झाला नाही. माझा अख्खा दिवस वाया गेला. माझ्यामागून येणाऱ्यांनी याला घेऊ नये."

हे मोठ्याने वाचावं की नाही, असा मी विचार करत होते. उदेसिंग हसला.

"वाच की. मला ठाऊक आहे काय आहे त्यात. तुझ्या बापाने पहिल्याच वर्षी वाचून दाखवलं. म्हणाले, फाडून टाकू का? मी म्हटलं, कशाला? खरं लिहिलंय."

"आणि मग त्यांनी तुलाच घेतलं."

"त्यानंतर दर वर्षी. म्हणायचे, उदेसिंग, तुझ्यासारखी चिठ्ठी साऱ्या जिल्ह्यात कुणाकडे नाही."

इद्रिसभाई लॉरीच्या पाण्याचं निमित्त करून विहिरीकडे गेले होते.

"कार्तिकात शीवेवर कुणी नव्हतं," मी म्हणाले. "नवल म्हणतो."

उदेसिंगने कोयता खाली ठेवला.

"मी होतो."

गुरं घेऊन तो त्या बाजूला गेला होता. बाबा आणि नवल चढून येताना त्याला दिसले. तो शीवेच्या दगडापाशी आला, राम राम झाला. बसा म्हणाला. हाळी दिली. वरच्या गावात त्या दिवशी लग्नाची बोलणी होती, गोवालला यायला वेळ लागणार होता. तो वरच्या गावचा माणूस. बाबा थोडा वेळ बसले. मग उठले. म्हणाले, वीस वर्षं येतोय उदेसिंग, या वाटेला मला माणूस कशाला हवा?

"मी म्हटलं, मास्तर, वाट वीस वर्षांची आहे, पाऊस यंदाचा आहे. शीवेपलीकडे यंदाच्या पावसाने काय केलं मला ठाऊक नाही. गोवालला ठाऊक आहे. तो पावसात तिथे राहिलाय."

"मग?"

"काठी जमिनीवर ठेवली होती मी. त्यांनी स्वतः उचलली. मी नवलला म्हटलं, तू सांग. नवल म्हणाला, साहेब म्हणतात चल, तर चला. ते गेले, मी गुरं घेऊन उतरलो."

तो माझ्याकडे न पाहता बोलत होता. शेवटी म्हणाला, "हात धरायला हवा होता मी. पण मास्तर होते ते."

मी पेला खाली ठेवला. तो रिकामाच होता, केव्हाचा हातात होता.

जे ऐकलं ते असं होतं: माझ्या बाबांनी वाटाड्या निवडताना आयुष्यात एकदाच चूक केली, आणि ती अजाणता केली नाही. 'थांबा' म्हणणारा माणूस त्यांनी मुद्दाम टाळला. 'चला' म्हणणारा घेतला.

परत येताना उदेसिंगच्या चिठ्ठीची नक्कल माझ्या पिशवीत होती. लॉरीत मिरच्या नव्हत्या, तरी मधून मधून इद्रिसभाई शिंकत होते.

*

घरी काका आणि नवल येऊन बसले होते. आईने दिवा अजून लावला नव्हता, उजेड होता.

"उदेसिंग शीवेवर होता," मी नवलला म्हणाले. "त्याने बसा म्हटलं होतं."

नवलने टोपी मांडीवर घेतली. तो तिशीतला माणूस आहे, पण त्या वेळी शाळेतल्या पोरासारखा दिसला.

"होता," तो म्हणाला.

"मग खोटं का सांगितलंत?"

"मास्तरांसाठी, ताई. गाव काय म्हणालं असतं? मास्तर हट्टाने मेले. पोरांना जन्मभर शिकवलं, नीट बघा, मग हात घाला, आणि स्वतः... मी म्हटलं, त्यापेक्षा दोष डोंगराचा. नाहीतर माझा असू दे."

मला त्याच्यावर चिडायचं होतं. सगळ्या वाटभर मी त्याची तयारी केली होती. तो मदतीसाठी तीन कोस पळाला होता, पायांना फोड आले होते, हे मी विसरले नव्हते.

"ते म्हणाले चल, तुम्ही चाललात," मी म्हणाले.

"मी नोकर माणूस. साहेबाला नको म्हणायचं मला कुणी शिकवलंच नाही. म्हटलं असतं तर या सतरा चिठ्ठ्या मिळाल्या असत्या का?"

हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही. वस्तुस्थिती म्हणून सांगितलं.

काका मध्ये पडले. "आते झाय ते झाय. नवलनं नाव लिख. तो जे सांगस तेच सांगी ऱ्हायना, मास्तरनं नाव चांगलंच ऱ्हास. त्या उदेसिंगले लिखशी, तर लोके इचारतीन, पहिले का नही लिधा? मग सगळं बाहेर पडी. बापनं नाव घालशी तू."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. उदेसिंगचं नाव द्यायचं तर त्याची चिठ्ठी द्यावी लागणार होती, आणि ती चिठ्ठी का द्यावी हे सांगायचं तर बाबा कसे गेले ते खरं लिहावं लागणार होतं. नवलचं नाव दिलं तर बाबा निर्दोष राहणार होते, कायमचे.

"आई, तू सांग," मी म्हणाले.

आई उंबऱ्याशी उभी होती. "तुन्हा बाप कोनासाठे बी थांबना नही," ती म्हणाली. "मी वाढेल ताटले बी थांबना नही. हाई सगळ्या गावले माहीत शे. लिख."

काका उठले. "मन्हा भाऊ व्हता तो," ते म्हणाले.

"माझे वडील होते," मी म्हणाले.

त्यांनी आणखी बरंच ऐकवलं. भावाच्या मागे घरातले पुरुष तेच, बाईमाणसाचं हे काम नाही, उद्या साहेबाचं काही झालं तर पोलीस कुणाच्या दारात येतील. मी टेबलापाशी बसून दौतीचं झाकण काढलं. ते बोलत असताना मी लिहिलं. नाव: उदेसिंग. वय: अंदाजे साठ. भाषा: पावरी, अहिराणी. इंग्रजी: नाही. शिफारसपत्रं: एक, सोबत नक्कल जोडली आहे. सही केली: जमनाबाई, गिरधर मास्तरांची मुलगी.

काका गेले. नवल बसून राहिला. जाताना त्याने विचारलं, "सामान उचलायला तरी माणूस लागेल ना?"

"लागेल," मी म्हणाले.

त्या कागदाबरोबर मिस थॉर्नलींना मी वेगळं पत्र लिहिलं, बोटीच्या पत्त्यावर. वडील गेले हे लिहिलं, कसे गेले हेही लिहिलं, आणि शेवटी: "हा माणूस तुम्हाला थांबायला लावेल. किती वेळ ते तो सांगू शकत नाही, मीही नाही. तुमच्याकडे एकच दिवस आहे हे मला माहीत आहे. असा माणूस चालणार नसेल तर कृपा करून येऊ नका, कारण दुसऱ्या कुणाचं नाव या घरातून मिळणार नाही."

कंपनीचं उत्तर लगेच आलं. प्रतिकूल शेरा असलेला माणूस त्यांच्या नियमांत बसत नव्हता. इंग्रजी जाणणारा, चांगल्या शिफारशींचा नवल नावाचा एक इसम आहे असं त्यांना समजलं होतं, तरी फेरविचार व्हावा. कुणी कळवलं हे मी विचारलं नाही. कागद घडी करून कपाटात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी शाळेत गेले.

सहाव्या दिवशी तार आली. मुंबईहून, मिस थॉर्नलींची. तारेत दरेक शब्द तोलून घातलेला असतो. "उदेसिंग. शनिवारी पोचतो."

*

मिस थॉर्नली काठी टेकत चालायच्या, सत्तरीच्या असाव्यात. नंदुरबार स्टेशनवर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बाबांबद्दल एक शब्दही बोलल्या नाहीत. त्याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे. भाऊ उंच होते, खिशातून घड्याळ काढायचे आणि परत ठेवायचे. रविवारी रात्रीची गाडी चुकली तर सुरतेहून पुढची गाठता येणार नव्हती, आणि मंगळवारी बोट हलणार होती. हे त्यांनी इद्रिसभाईंना इंग्रजीत तीनदा सांगितलं. इद्रिसभाई तिन्ही वेळा म्हणाले, "बिलकूल."

रविवारी पहाटे डोंगराला लागलो. पुढे उदेसिंग, मग आम्ही, मागे डोक्यावर टोपली घेऊन नवल. खाकी कोट त्याने घातला नव्हता. ऊन चढायच्या आत शीवेवर पोचलो.

दगड साधाच आहे. गुडघ्याएवढा, एका बाजूला शेंदराचं बोट. मी तो पहिल्यांदाच पाहत होते. उदेसिंगने मिस थॉर्नलींकडे हात पुढे केला, त्यांनी काठी दिली. त्याने ती दगडाजवळ आडवी ठेवली आणि तोंडाशी हात धरून हाळी दिली. लांब, शेवटी वर जाणारी. डोंगरातून काही उत्तर आलं नाही.

"बसा," तो म्हणाला.

मी भाषांतर केलं. मिस थॉर्नली बसल्या. भाऊ उभे राहिले.

पाऊण तास गेला. उदेसिंगने परत हाळी दिली. या वेळी लांबून एक आवाज आला, आणि मग परत शांतता. भावाने विचारलं, माणूस येतोय का? उदेसिंग म्हणाला, येतोय. किती वेळात? उदेसिंग म्हणाला, आला की. हे मी जसंच्या तसं सांगितलं.

"वाट समोर दिसते आहे," भाऊ म्हणाले. "आंधळ्यालाही दिसेल."

दिसत होती. पिवळ्या गवतातून वर जाणारी, सरळ, सोपी. मी तिच्याकडे पाहिलं आणि बाबा का उठले ते मला कळलं. त्या उन्हात, त्या वाटेसमोर, मीही उठले असते.

भाऊ नवलकडे वळले. "तुला इंग्रजी येतं. तू हा डोंगर चढलेला आहेस, असं कंपनी म्हणते. पुढे हो. मी सांगतो आहे."

नवल टोपली खाली ठेवून उभा होता. त्याने वाटेकडे पाहिलं. मग जमिनीवरच्या काठीकडे. माझ्याकडे पाहिलं नाही. मी काही बोलणार नव्हते. या एका गोष्टीत त्याला मी काही सांगितलं असतं तर त्याचा उपयोग नव्हता.

"नाही साहेब," तो इंग्रजीत म्हणाला. "मी नाही जात. तुम्ही बसा."

"काय म्हणालास?"

"बसा साहेब."

आणि तो स्वतः बसला, दगडापासून दोन हातांवर.

भाऊ जे बोलले ते मी उदेसिंगला सांगितलं नाही. स्वर पाहून त्याने ओळखलं असावं, कारण तो बिडी काढत म्हणाला, "मोजणीवाला साहेब यापेक्षा मोठ्याने ओरडत होता."

"हेन्री," मिस थॉर्नली म्हणाल्या, "सावलीत ये."

गोवाल आला तेव्हा सूर्य डोक्यावर होता. पस्तिशीचा, खांद्यावर कुऱ्हाड. त्याच्या म्हशीचं पारडू अडलं होतं, ते सोडवून तो आला होता. हातांना अजून पाण्याचा ओलावा होता. तो उदेसिंगशी दोन शब्द बोलला, वाकून काठी उचलली आणि मिस थॉर्नलींच्या हातात दिली. मग समोरच्या सोप्या वाटेकडे ढुंकूनही न पाहता तो डावीकडे, करवंदीच्या जाळीत शिरला.

"वाट तर इकडे आहे," भाऊ म्हणाले.

गोवाल थांबला. परत आला. सोप्या वाटेने, चढ ओलांडून पाव कोस तो आम्हाला वर घेऊन गेला आणि कुऱ्हाडीचा दांडा आडवा धरून आम्हाला अडवलं. दांड्यापुढे गवत होतं, आणि गवताखाली काही नव्हतं. त्याने एक दगड उचलून पुढे टाकला. आवाज यायला बराच वेळ लागला.

भावाने घड्याळ खिशात ठेवलं. मिस थॉर्नलींनी मला विचारलं, "इथेच का?"

"हो," मी म्हणाले.

मी तिथे किती वेळ उभी होते ते मला सांगता येणार नाही. कुणी मला चल म्हटलं नाही. खाली सागाची पानं झडलेली दिसत होती. वरच्या गावातून कुणाच्या तरी कोंबड्याचा आवाज आला, इतक्या जवळून. मग मी स्वतःच वळले आणि गोवालच्या मागे करवंदीत शिरले.

कांडोळ दरीच्या पलीकडच्या टोकाला होता. त्याच्या पायथ्याशी जायला वेळ उरला नव्हता. शीवेवर गेलेला वेळ परत येणार नव्हता, आणि मी तो परत मागणारही नव्हते. अलीकडच्या कड्यावरून तो दिसला. पान एक नाही, सगळा पांढरा, खडकाला हाडासारखा रोवलेला. मिस थॉर्नलींनी दुर्बीण लावली. बराच वेळ त्यांनी ती खाली घेतली नाही. मग मला दिली.

उतरताना शीवेवर उदेसिंग बसूनच होता. गोवालने काठी ठेवली, त्याने उचलली.

*

लॉरीपाशी आलो तेव्हा भावाने खिशातून वही काढली. मिस थॉर्नली म्हणाल्या, "हेन्री, नको." त्यांनी ऐकलं नाही. एक पान लिहून फाडलं, उदेसिंगच्या हातात दिलं आणि पुढे जाऊन बसले.

उदेसिंगने ते माझ्यापुढे धरलं. "वाच."

मी वाचलं. "हा माणूस आडमुठा आहे. त्याने आम्हाला तीन तास एका दगडापाशी बसवून ठेवलं. नवल नावाचा दुसरा माणूस याच्याहून वाईट, कारण त्याला इंग्रजी कळत असूनही तो ऐकत नाही. ज्यांना घाई आहे त्यांनी या दोघांना घेऊ नये. ज्यांना परत यायचं आहे त्यांनी घ्यावं."

उदेसिंगने कागदाची गुंडाळी केली आणि बांबूच्या नळीत पहिल्या चिठ्ठीशेजारी सरकवली. "दोन झाल्या," तो म्हणाला.

इद्रिसभाई हँडल फिरवत होते. मी चढणार, तेवढ्यात नवल जवळ आला. मेणकापडाचा गठ्ठा त्याच्या काखेत होता.

"ताई, त्यात माझं नाव आहे ना?"

"आहे."

"मला त्याची नक्कल करून द्याल?"

उदेसिंगने नळी परत उघडली. मी लॉरीच्या पायरीवर बसले, पिशवीतून पेन्सिल काढली आणि शब्दन् शब्द उतरवून दिला. साहेबांनी एक शब्द खोडून परत लिहिला होता, तो खोडलेला शब्दही मी तसाच ठेवला.